फड, वन आणि विहीर

खानदेशातल्या अनेक गावांच्या शिवारात एक विसंगती दिसते. शेताच्या बांधावरचा कडुनिंब वर्षानुवर्षं उभा असतो. त्याच शिवारातलं गायरान मात्र उघडं पडलेलं असतं. माती तीच, पाऊसही तोच. कारण विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं : शेताला मालक आहे, गायरान सगळ्यांचं आहे आणि सगळ्यांचं ते कुणाचंच नसतं.

हे उत्तर पटण्यासारखं आहे, पण याच प्रदेशातली तीन उदाहरणं त्यात बसत नाहीत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या छोट्या आदिवासी पाड्याने तोडीने विरळ झालेलं ४०० हेक्टरांहून मोठं जंगल राखलं आणि ते पुन्हा दाट झालं. ते जंगल एकाचं नाही, सगळ्या गावाचं आहे. त्याच जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठचे शेतकरी सुमारे ३०० ते ४०० वर्षं सामाईक बंधाऱ्याचं पाणी वाटून घेत आले. तेही सगळ्यांचंच. उलट जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात प्रत्येक विहिरीला मालक आहे, प्रत्येक कूपनलिकेची वीजजोडणी वेगळी आहे, तरी पाणी खोल खोल जातंय.

म्हणजे मालकी आहे की नाही, एवढ्यावर निसर्ग टिकणं अवलंबून नाही. मग ते कशावर अवलंबून आहे? हा प्रश्न एकट्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या किंवा एकट्या अर्थशास्त्रज्ञाच्या आवाक्यातला नाही. शेतकरी, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी, रानभाजी खुडणारी बाई आणि भूवैज्ञानिक यांनी एकत्र बसून शोधायचं हे उत्तर आहे. अशा एकत्र अभ्यासातून आतापर्यंत काय हाती आलं आणि ते आपल्या गावाला कसं वापरता येईल, ते या तीन उदाहरणांवरून पाहू.

आधी कोडं नीट मांडू

जंगल, नदीचं पाणी, चराई, तलावातले मासे आणि भूजल या सगळ्यांत दोन गुण सारखे आहेत. एक म्हणजे, कुणालाही त्यापासून दूर ठेवणं अवघड असतं. जंगलाला भिंत घालता येत नाही आणि भूजलाला कुलूप लावता येत नाही. दुसरा गुण असा की, एकाने घेतलेलं दुसऱ्याला मिळत नाही. मी तोडलेली फांदी तुम्हाला तोडता येत नाही. या दोन गुणांच्या साधनांना सामाईक संसाधनं म्हणतात.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली याविषयी एक लेख लिहिला आणि तो जगभर गाजला. त्यांनी एका कुरणाची कल्पना केली. प्रत्येक गुराखी तिथे आणखी एक जनावर सोडतो, कारण त्याचा फायदा पूर्ण त्याचा असतो आणि कुरणाचं नुकसान सगळ्यांत वाटलं जातं. सगळेच असा हिशेब करतात आणि शेवटी कुरण संपतं. उपाय म्हणून त्यांनी दोन मार्ग सांगितले : कुरण खासगी करा, नाहीतर सरकारने ताब्यात घ्या.

हा तर्क वरवर बिनचूक दिसतो, पण त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी कधी बोलतच नाहीत. त्यांची पंचायत बसत नाही. ते राखणदार नेमत नाहीत आणि कुणाला दंडही करत नाहीत. खऱ्या गावांत या सगळ्या गोष्टी घडतात.

राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हेच तपासलं. स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावजंगलं, स्पेन आणि फिलिपाइन्समधले पाट अशी पिढ्यान् पिढ्या टिकलेली आणि मोडलेलीही उदाहरणं त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. १९९० साली त्यांचं पुस्तक आलं. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. टिकलेल्या ठिकाणी त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळल्या. साधनाची आणि वापरणाऱ्यांची हद्द ठरलेली असते. वापराचे नियम तिथल्या परिस्थितीला साजेसे असतात आणि ते वापरणारेच बनवतात. पाळत ठेवणारा माणूस त्यांना उत्तर देणारा असतो. पहिल्या चुकीला शिक्षा हलकी आणि पुढच्या चुकीला जड असते. भांडण मिटवायला जवळची, स्वस्त जागा असते. शिवाय सरकार त्यांच्या या हक्काला धक्का लावत नाही.

ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकात पांझरा नाही. पण त्यांनी मांडलेल्या जवळपास सगळ्या गोष्टी पांझरेच्या काठी कितीतरी आधी रोजच्या व्यवहारात होत्या.

फड : पाण्याआधी पीक ठरवा

साक्री तालुक्याच्या डोंगरातून निघून पांझरा धुळे शहरातून पुढे तापीला मिळते. तिच्या पात्रात आणि शेजारच्या मोसम व आरम या नद्यांवर जागोजागी बंधारे आहेत. बंधाऱ्याने पाणी अडतं, वर चढतं आणि कालव्यात वळतं. कालव्यातून ते चाऱ्यांत आणि चाऱ्यांतून सारंगांत, म्हणजे शेतातल्या लहान पाटांत जातं. कालव्यांची लांबी साधारण २ ते १२ किलोमीटर असते. पंप नाही, वीज नाही, सगळं पाणी उताराने वाहतं. याला फड पद्धती म्हणतात. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी भारतातल्या पारंपरिक जलव्यवस्थांवर १९९७ साली संपादित केलेल्या ग्रंथात या पद्धतीचीही नोंद आहे.

या पद्धतीचं खरं वैशिष्ट्य तिच्या दगडी बांधकामापेक्षा तिच्या नियमांत आहे. बंधाऱ्याखाली भिजणारी जमीन बहुधा चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते. त्या प्रत्येक तुकड्याला फड म्हणतात. एक फड १० हेक्टरांचा असू शकतो, तसाच २०० हेक्टरांचाही. दरवर्षी शेतकरी एकत्र बसून नदीची धार पाहतात आणि कोणत्या फडाला पाणी द्यायचं, कोणता पडीक ठेवायचा ते ठरवतात. एका फडात एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस ठरला तर दुसऱ्यात गहू-हरभऱ्यासारखं हंगामी पीक, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलते.

या एका नियमातून किती गोष्टी साधतात ते पाहा.

पूर्ण फडात एकच पीक असलं की सगळ्यांना पाणी एकाच वेळी आणि सारखंच लागतं. पाटकरी एका टोकापासून सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी देत जातो. ‘माझा ऊस वाळतोय, तुझ्या हरभऱ्याचं पाणी थांबव’ या वादाला जागा राहत नाही. पाळी चुकवून कुणी पाणी घेतलं तर ते लगेच दिसतं. म्हणजे पाळत ठेवायलाही फार कष्ट पडत नाहीत. पाणी ठरलेल्या फडातच फिरत असल्यामुळे कोरड्या चाऱ्यांत मुरून वाया जात नाही. पडीक फडातली माती विसावते आणि सततच्या ओलीने जमीन चिबड होण्याचा धोका कमी होतो.

न्यायाची सोयही यातच आहे. शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे शक्यतो प्रत्येक फडात असतात. त्यामुळे उसाच्या फडातला नफा आणि पडीक फडातला तोटा दोन्ही सगळ्यांच्या वाट्याला येतात. पाऊस कमी झाला तर पाण्याखालचं क्षेत्र आधीच कमी धरायचं आणि ती कपात सगळ्यांनी सोसायची. पाटाच्या शेवटी जमीन आहे म्हणून एकट्यानेच कोरडं राहायचं, असं होत नाही.

पाणी शेतकरी स्वतः सोडत नाही. त्यासाठी गाव पाटकरी नेमतं. त्यांच्यावर देखरेखीला हवालदार असतो आणि राखणीला जागल्या. त्यांचं मानधन शेतकरीच देतात, पूर्वी ते धान्याच्या रूपात दिलं जाई. म्हणून ते शेतकऱ्यांना उत्तर देतात. बंधाऱ्याची डागडुजी आणि चाऱ्यांतला गाळ काढणं ही कामंही लाभधारकांच्याच अंगावर असतात.

बऱ्याच ठिकाणी हे फड आता विस्कटले आहेत. ते कसे?

स्वातंत्र्यानंतर याच नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली. पांझरेवर लाटीपाडा, तिला मिळणाऱ्या कान नदीवर मालनगाव. धरणामुळे पाणी साठलं आणि उन्हाळ्यातही मिळू लागलं, हा फायदा खरा आहे. पण पाणी कधी सोडायचं हा निर्णय फडाच्या बैठकीतून सरकारी कार्यालयात गेला. नदीची धार पाहून क्षेत्र ठरवण्याचं कसब निरुपयोगी झालं, कारण धार आता पावसावर नाही, धरणाच्या दारावर ठरू लागली. सोबत विहिरी आणि पंप आले. स्वतःचं पाणी असलेल्या शेतकऱ्याला एका फडात एकच पीक हा नियम जाचक वाटू लागला. एकेक जण बाहेर पडला तशी बैठकीची ताकद कमी झाली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. सामाईक व्यवस्था बहुधा लोभामुळे मोडत नाहीत. निर्णय ज्यांनी घ्यायचा त्यांच्या हातून तो निसटला की त्या मोडतात. भूमिहीनांना आणि बायकांना फडाच्या निर्णयात जवळपास जागा नव्हती, हेही सांगायला हवं. जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणावी असं कुणी म्हणत नाही. तिच्यातलं तर्कशास्त्र मात्र आजही कामाचं आहे.

बारीपाडा : जंगल नियमाने वाढतं

बारीपाडा गुजरातच्या सीमेजवळ, सह्याद्रीच्या उत्तर टोकाला आहे. वस्ती सुमारे शंभर घरांची, बहुसंख्य कोकणा आदिवासी. तीन-साडेतीन दशकांपूर्वी इथलं जंगल तोडीने विरळ झालं होतं, विहिरी आटत होत्या आणि लोक मजुरीसाठी बाहेर जात होते. गावचेच शिकलेले तरुण चैतराम पवार यांनी पुढाकार घेतला. वनवासी कल्याण आश्रमाचं काम करणारे डॉ. आनंद फाटक यांची साथ होती. २०२५ साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. पण स्वतः पवार या कामाचं श्रेय गावाच्या एकीला देतात आणि व्यवस्था पाहिली की त्यामागचं कारण समजतं.

गावाने जंगलाची हद्द ठरवली. कुऱ्हाड लावायची नाही, चराईला बंदी आणि मोडणाऱ्याला दंड, असे नियम सभेत झाले. दंड गावानेच ठरवला आणि तो गावातल्यांनाही लागू होता. गावाने आपले राखणदार नेमले. सरपणाची सोय म्हणून वाळलेलं, पडलेलं लाकूड घ्यायला मुभा ठेवली, कारण चूलच पेटणार नसेल तर कुठलाही नियम आठवडाभरही टिकत नाही. सोबत उतारावर समतल चर खणले आणि ओढ्यांवर लहान बंधारे घातले.

झाडं आणि पाणी यांचा संबंध इथे उलगडून सांगायला हवा. उघड्या डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीचा वरचा थर धुऊन घेऊन जातो आणि ओढ्याला तासा-दोन तासांचा लोंढा येतो. झाडाखालच्या जमिनीवर पालापाचोळा असतो. त्यावर थेंबाचा मार बसत नाही. मुळं आणि किडे-गांडुळं यांनी माती सच्छिद्र केलेली असते, म्हणून पाणी आत शिरतं. बेसॉल्टच्या भेगांतून ते हळूहळू खाली सरकतं आणि पायथ्याच्या विहिरीत, ओढ्यात महिनोन् महिने झिरपत राहतं. झाडं स्वतःही पाणी पितात, त्यामुळे जिथे मुरणं वाढत नाही तिथे नुसती झाडं लावून विहीर भरत नाही. बारीपाड्यात दाट होणारं जंगल, चर आणि बंधारे यांनी मिळून हे मुरणं वाढवलं. विहिरींना पाणी टिकलं, भातशेती सुधारली आणि कामासाठी गाव सोडणं घटलं. २००३ साली गावाला आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळालं.

हे एकट्या बारीपाड्याचं नशीब आहे का? ऑस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी क्लार्क गिब्सन व जॉन विल्यम्स यांनी २००५ साली जंगल वापरणाऱ्या १७८ गटांची माहिती तपासली. कुणी पैशाने संपन्न, कुणाची संघटना जुनी, कुणी जंगलावर जास्त अवलंबून. पण जंगलाच्या चांगल्या स्थितीशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट एकच निघाली : नियम पाळले जातात की नाही, हे लोक स्वतः नियमितपणे पाहतात का. बारीपाड्याचा राखणदार त्या निष्कर्षाचा जिवंत पुरावा आहे.

रानभाजीच्या ताटातलं संशोधन

२००४ पासून बारीपाड्यात दरवर्षी वनभाजी पाककला स्पर्धा होते. पावसाळ्यात जंगलात उगवणाऱ्या भाज्या बायका खुडतात, शिजवतात आणि मांडतात. कर्टुली, शेवळं, चाईचा वेल, कुड्याची फुलं, बांबूचे कोंब, टाकळा, कुर्डू असे शंभराहून अधिक प्रकार तिथे येऊन गेले आहेत. बाहेरून अभ्यासक येतात, नावं टिपतात आणि वनस्पती ओळखतात.

ही खाद्यजत्रा नव्हे, ही एक मोजणी आहे. जंगलात काय उगवतं हे वनस्पतिशास्त्रज्ञ चौकट आखून, त्यातली झाडं मोजून शोधतो. पण कोणतं पान कोणत्या आठवड्यात कोवळं असतं, कोणत्या उतारावर मिळतं, ते कसं शिजवलं की बाधत नाही आणि दहा वर्षांपूर्वी ते जास्त मिळायचं की कमी, हे त्या चौकटीत दिसत नाही. शेवळ्याचं उदाहरण घ्या. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून नुसतं शिजवलेलं शेवळं घशाला खाजतं. सह्याद्रीतल्या बायका त्यात काकड या झाडाची आंबट फळं घालतात आणि खाज जाते. हे ज्ञान रसायनशाळेत नंतर पोहोचलं, चुलीपाशी आधीपासून होतं.

स्पर्धेमुळे हे ज्ञान एका घरातून चारचौघांत येतं. आजी मुलीला दाखवते, मुलगी नाव लिहून घेते आणि अभ्यासकाला यादी मिळते. पण सर्वांत मोठा फायदा जंगलाला होतो. ज्या झुडपातून पावसाळ्याची भाजी येते ते झुडूप राखायला गावाकडे कारण असतं.

डॉ. माधव गाडगीळ यांनी १९९०च्या दशकापासून हाच विचार देशभर मांडला. गावाने आपल्या परिसरातल्या सजीवांची, त्यांच्या वापराची आणि त्यांत होणाऱ्या बदलांची नोंद स्वतः ठेवावी, शास्त्रज्ञांनी तिला मदत करावी. त्यातून लोकजैवविविधता नोंदवही आकाराला आली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असं ठरवलं आणि ही नोंदवही तयार करणं हे त्या समितीचं काम केलं. बऱ्याच ठिकाणी ती बाहेरून कुणाकडून तरी भरून घेतली जाते आणि कपाटात जाते. गावाने स्वतः भरलेली नोंदवही मात्र निर्णयाच्या वेळी उघडली जाते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचे अभ्यासगट याचं ठळक उदाहरण आहे. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र अभ्यास करत, एकमताने निर्णय घेत आणि आग्या मोहोळ न जाळता मध काढण्याची पद्धतही तिथल्या अशाच अभ्यासातून रुजली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक.

विहीर : न दिसणारं सामाईक पाणी

आता जळगावकडे वळू. फडाचं पाणी डोळ्यांना दिसतं. जंगलातला ताजा बुंधाही दिसतो. भूजल दिसत नाही आणि इथेच खानदेशातली सर्वांत अवघड गाठ आहे.

सातपुड्यातून उतरणारे ओढे पायथ्याशी आले की त्यांचा वेग कमी होतो. सोबत आणलेले गोटे, खडे, वाळू ते तिथेच टाकतात. दीर्घ काळात त्यांचा जाड पट्टा तयार झाला आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. गोट्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी झपाट्याने मुरतं आणि दक्षिणेला तापीकडे, गाळाच्या जाड थरांखालून सरकतं. चोपडा, यावल, रावेर भागातल्या विहिरी आणि कूपनलिका हेच पाणी उपसतात. केळीला बाराही महिने पाणी लागतं. एकेकाळी विहिरीला हाताशी असणारं पाणी आता खोल कूपनलिकांतून येतं. रावेर आणि यावल तालुक्यांची नोंद भूजलाच्या अतिशोषणासाठी सरकारी सर्वेक्षणांत झाली आहे.

एका मोठ्या कणगीला पन्नास घरांनी आपापल्या बाजूने भोक पाडावं आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं धान्य काढावं, तसं हे आहे. भोक स्वतःचं, धान्य मात्र एकाच कणगीतलं. कणगीत किती उरलंय हे कुणालाच दिसत नाही. शेजाऱ्याने भोक खालच्या बाजूला पाडलं की आपल्यालाही आणखी खाली पाडावं लागतं. विहीर खासगी असूनही पाणी संपतं ते यामुळे. आपण विहिरीचे मालक झालो, पाण्याचे झालो नाही.

यावर दोन उपाय सांगितले जातात. पहिला ठिबक सिंचनाचा. जळगाव जिल्ह्याने ते मनापासून स्वीकारलं आणि एकरी पाणी वाचलं. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर केळी लागली तर जमिनीतून निघणारं एकूण पाणी तेवढंच राहतं. दुसरा उपाय पुनर्भरणाचा. शेजारच्या धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली आणि आसपासच्या विहिरींना पाणी वाढलं. तापीच्या पुराचं पाणी बझाड्यात मुरवण्याच्या मोठ्या योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात करार झाला. कणगीत भर पडणं चांगलंच आहे. पण काढण्याचा नियम नसेल तर जितकी भर पडेल तितकीच भोकं मोठी होतात.

समुद्राकाठच्या विहिरींचा धडा

ऑस्ट्रॉम यांनी आपला पहिला मोठा अभ्यास भूजल उपशाच्या नेमक्या याच प्रश्नावर केला होता. १९६५ सालचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिनच्या भूजलावर आहे. तिथे शहरं आणि कारखाने इतकं पाणी उपसत होते की पॅसिफिक महासागराचं खारं पाणी भूगर्भात शिरू लागलं. प्रत्येकाला धोका माहीत होता, पण आधी कोण थांबणार?

१९४६ साली उपसा करणाऱ्यांनी संघ स्थापन केला. सर्वांना मान्य होईल अशी मोजणी झाली. कोण किती उपसतं आणि खारं पाणी कुठवर आलंय, हे सगळ्यांसमोर आलं. मग न्यायालयाच्या छत्राखाली वाटाघाटी करून प्रत्येकाने उपसा ठरलेल्या प्रमाणात कमी केला. नियम पाळला जातोय का हे पाहायला एक अधिकारी नेमला गेला आणि त्याचा अहवाल सर्वांना खुला होता. बाकीचे कमी करतायत याची खात्री झाल्यावरच प्रत्येक जण कमी करायला तयार झाला.

रावेर म्हणजे कॅलिफोर्निया नव्हे. तिथे उपसा करणारे शेकडो होते, इथे हजारो शेतकरी आहेत. पण क्रम तोच राहील : आधी सगळ्यांना मान्य होणारी मोजणी, मग नियम. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत जळगाव होता. या योजनेने पाऊस आणि विहिरीची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचं काम ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणलं. हा ताळेबंद अहवालात न राहता ग्रामसभेत रब्बीच्या आधी वाचला गेला, तर फडाच्या बैठकीचं काम विहिरींच्या गावातही सुरू होऊ शकतं.

एकत्र अभ्यास म्हणजे नेमकं काय?

संशोधक गावात येऊन प्रश्नावली भरून घेतो आणि निघून जातो. असं शेकडो ठिकाणी झालं आहे. लोकांना त्याचा निष्कर्षही कळत नाही. एकत्र अभ्यासात प्रश्न ठरवण्यापासून दोघांचा सहभाग असतो, कारण दोघांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. गावकऱ्याला बदल दिसतो : कोणता ओढा पूर्वी कधीपर्यंत वाहायचा, कोणती भाजी मिळेनाशी झाली, कोण नियम मोडतो. भूवैज्ञानिकाला जमिनीखालची हद्द दिसते, वनस्पतिशास्त्रज्ञाला जातींमधला फरक दिसतो. ही हद्दच बहुतेक वेळा कळीची ठरते. बझाड्यात मुरणारं पाणी सातपुड्याच्या उतारांवरून येतं. तिथे पावरा, भिलाला, तडवी लोकांची गावं आहेत. खाली केळीचे शेतकरी आहेत. वरचं जंगल राखणारे आणि खालचं पाणी पिणारे एकाच पाणलोटात राहतात, पण एका बैठकीत कधी बसत नाहीत. ती बैठक कुठे भरवायची हे नकाशाशिवाय कळत नाही आणि त्या बैठकीत काय बोलायचं हे लोकांशिवाय कळत नाही.

> थोडक्यात
>
> • सामाईक साधन सगळ्यांचं आहे म्हणून संपत नाही. नियम, मोजणी आणि पाळत नसली की संपतं.
>
> • फड पद्धतीत एका फडात एक पीक या नियमामुळे पाणीवाटप सोपं, न्याय्य आणि उघड झालं.
>
> • बारीपाड्याने हद्द, नियम, दंड आणि राखणदार स्वतः ठरवले, आणि सरपणाची सोयही राखली.
>
> • भूजल न दिसणारं सामाईक साधन आहे. विहीर खासगी असली तरी पाणी एकच आहे.
>
> • पुनर्भरणाने भर पडते. टिकतं मात्र उपशाचा नियम झाल्यावरच.
>
> • स्थानिक ज्ञान आणि शास्त्र एका नकाशावर आले की लोकांना पटेल असा नियम करता येतो.

सुरुवात कुठून करायची?

कुठल्याही गावाला यासाठी मोठा निधी लागत नाही. एक पर्जन्यमापक, शिवारातल्या चार दिशांच्या चार विहिरी आणि दर महिन्याला त्यांची पातळी मोजणारे शाळेतले किंवा महाविद्यालयातले विद्यार्थी पुरेत. ही नोंद चावडीवर लावावी, म्हणजे कुणालाही पाहता येईल. जंगल असलेल्या गावात शिवारफेरी काढून बायकांकडून रानभाज्यांची आणि त्यांच्या जागांची यादी करावी आणि ती जैवविविधता समितीच्या नोंदवहीत जावी. जवळच्या महाविद्यालयातले भूगोलाचे, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यात बरोबरीने हवेत. निष्कर्ष आधी ग्रामसभेत सांगितले जावेत, शोधनिबंध नंतर.

तीन वर्षांची नोंद झाली की गावासमोर आकडे असतील. कोणत्या पावसाला किती विहिरी भरल्या, किती एकर उसाला किंवा केळीला किती पाणी गेलं, हे सगळ्यांना माहीत असेल. तेव्हा रब्बीच्या आधी एक बैठक बोलवावी आणि एकच प्रश्न विचारावा : यंदा किती क्षेत्र? पांझरेचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या हाच प्रश्न विचारत आले. आपल्याकडे त्यांच्याहून जास्त साधनं आहेत, उपग्रहाचे नकाशे आहेत, प्रयोगशाळा आहेत आणि वनहक्क कायद्यापासून जैवविविधता कायद्यापर्यंत लोकांना अधिकार देणारे कायदेही आहेत. एकत्र बसून ठरवण्याची सवय तेवढी पुन्हा लावून घ्यायची आहे, आणि ती लागली तर रावेरच्या विहिरीला आणि सातपुड्याच्या जंगलाला एकाच वेळी वाचवता येईल.